चोर हाती लागला, आता पुढं काय? पोलीस नसलेल्या माणसाचा अटकेचा अधिकार आणि त्याची हद्द

सोलापूरच्या नवी पेठेत भरदुपारी कुणीतरी "धरा, धरा" ओरडतं, चार जण धावतात आणि एक पोरगा गर्दीच्या हाती लागतो. इथपर्यंत पकडणाऱ्यांनी बहुधा काही चुकीचं केलेलं नसतं. चुका होतात त्या पुढच्या दहा मिनिटांत. कुणी खिसे तपासतं, कुणी कानफटात मारतं, कुणी खांबाला बांधतं, कुणी मोबाइलवर चित्रण करतं. पोलिसांची गाडी येईपर्यंत एकाच प्रसंगातून दोन गुन्हे तयार झालेले असतात आणि दुसऱ्यात आरोपी पकडणारेच असतात. साध्या चोरीत पहिल्यांदा दोषी ठरल्यास कमाल शिक्षा ३ वर्षं. कबुलीसाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी केलेल्या मारहाणीची ७ वर्षं. हे दोन आकडे दुकानदार, कारखान्यातले सुपरवायझर, वॉचमन, सोसायटीचे पदाधिकारी आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले स्वयंसेवक या सगळ्यांना माहीत असायला हवेत.

कलम ४० काय देतं

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या कायद्यातलं कलम ४३ आता कलम ४० झालं आहे. सामान्य माणसाला दुसऱ्याला अटक करण्याचा अधिकार या कलमातून मिळतो आणि तो फक्त दोन प्रकारच्या माणसांबाबत आहे. एक, तुमच्या समोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्कानं मिळत नाही) गुन्हा करणारा. दोन, न्यायालयानं रीतसर फरारी म्हणून घोषित केलेला गुन्हेगार. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोखाली 'सावधान' लिहिलंय म्हणून कुणी घोषित फरारी ठरत नाही.

"समोर" या अटीवरच निम्मी प्रकरणं अडकतात. सकाळी दुकान उघडल्यावर काल रात्रीचं सीसीटीव्ही पाहिलं, त्यात कामावरचा मुलगा टॉवेलचा गठ्ठा बाहेर नेताना दिसला, मग तो आल्यावर त्याला मागच्या खोलीत बसवून ठेवलं. इथं गुन्हा खरा असू शकतो, मुलगा दोषीही असू शकतो, तरी तुम्हाला त्याला धरून ठेवायचा अधिकार नाही, कारण चोरी होत असताना तुम्ही तिथं नव्हता. स्टॉक कमी भरला, शेजाऱ्यानं सांगितलं, तो घाबरलेला वाटला, यातलं काहीच पुरत नाही. अशा वेळी चित्रण जपून ठेवायचं, ठाण्यात फिर्याद द्यायची आणि अटकेचं काम पोलिसांवर सोपवायचं.

दुसरी अट गुन्ह्याच्या प्रकाराची. गुन्हा दखलपात्रही हवा आणि अजामीनपात्रही. एक असून भागत नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणे, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याप्रमाणे, सोनसाखळी किंवा मोबाइल हिसकावणं (कलम ३०४), जबरी चोरी (३०९), घरफोडी (३३१), विनयभंग (७४) हे गुन्हे दोन्ही अटींत बसतात. साधी मारहाण, शिवीगाळ, किरकोळ नुकसान हे अदखलपात्र आणि जामीनपात्र आहेत. त्यासाठी कुणाला कोंडलं तर तुम्हीच अडचणीत येता.

अपघाताचं वेगळं सांगायला हवं, कारण होटगी रोडला किंवा पुणे महामार्गावर अपघात झाला की जमाव आधी ड्रायव्हरला खाली खेचतो. भरधाव चालवणं (२८१) आणि निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत होणं (१०६ पोटकलम १) हे गुन्हे दखलपात्र आहेत, पण जामीनपात्र. म्हणजे कलम ४० इथं लागू होत नाही. गाडीचा नंबर टिपा, जखमीला दवाखान्यात हलवा, ११२ ला कळवा. ड्रायव्हर जमावाच्या मारातून जीव वाचवून थेट ठाण्यात जात असेल तर त्याला जाऊ द्या.

पाच हजारांचा प्रश्न

नव्या कायद्यात चोरीच्या कलमाला, म्हणजे ३०३ ला, एक जोड आली आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळाली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र दाखवला आहे. मंगळवार बाजारात हातगाडीवरून ४०० रुपयांची वस्तू उचलणारा या रकान्यात जाऊ शकतो. तो पहिल्यांदाच सापडतोय की दहाव्यांदा, हे रस्त्यावरच्या माणसाला कळायला मार्ग नाही.

दुकान, गोदाम किंवा राहत्या घरातून चोरी झाली तर मात्र कलम ३०५ लागू शकतं. माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी त्यात येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. वाहतुकीच्या वाहनातून माल चोरणंही त्याच कलमात येतं.

मग उघड्यावरच्या किरकोळ चोरीत काय करायचं? आपली वस्तू परत घ्यायची आणि माणूस सोडून द्यायचा. मालमत्तेच्या खासगी बचावाचा हक्क (न्याय संहिता, कलम ३४ ते ४४) वेगळा आहे आणि त्याला दखलपात्र-अजामीनपात्रची अट नाही. चोर वस्तू घेऊन पळत असताना ती त्याच्या हातातून ओढून घेण्यापुरतं बळ वापरता येतं. वस्तू परत आली की तो हक्क संपला. त्यानंतर मारलेली एक थप्पडसुद्धा बचावात मोजली जात नाही. तक्रार करायची असेल तर पोलिसांत नोंदवता येते. त्यासाठी माणूस ताब्यात असण्याची गरज नसते.

धरल्यापासून सोपवेपर्यंत

समजा दोन्ही अटी पूर्ण झाल्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्री ११ वाजता वॉचमननं एकाला गोदामाचं कुलूप तोडून आत शिरताना स्वतः पाहिलं आणि धरलं. इथून पुढचा क्रम असा.

आधी तोंडानं थांबवा. "थांब, पोलीस येतायत, इथं बस" म्हटल्यावर माणूस बसला तर कायद्याच्या भाषेत अटक झाली. अंगाला हात लावायची गरज उरत नाही. तो पळू लागला किंवा झटापट करू लागला तर अटक करण्यापुरतं बळ वापरायला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ परवानगी देतं. झटापट थांबली की बळही थांबलं पाहिजे. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचं नाही, असं कलम ४६ सांगतं. दाराशी दोन माणसं उभी राहिली तर बहुतेक वेळा दोर लागतच नाही. बेड्यांची तरतूद फक्त पोलिसांसाठी आहे.

एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. पकडलेल्याला पालथं पाडून पाठीवर बसणं, मानेवर गुडघा ठेवणं, छातीवर दोघातिघांनी भार टाकणं यानं माणूस काही मिनिटांत गुदमरतो. दारू प्यायलेला, धावून दमलेला किंवा दम्याचा रुग्ण असेल तर आणखी लवकर. तो "श्वास कोंडतोय" म्हणाला तर ते नाटक समजू नका. त्याला भिंतीला टेकवून बसवा, पाणी द्या, जखम असेल तर आधी १०८ ला फोन करा. ताबा ज्याच्याकडे, त्याच्यावर आरोग्याची जबाबदारी, असं कलम ५६ आहे.

त्याच मिनिटाला एकानं ११२ लावायचा. काय घडलं, कुठं, एक माणूस ताब्यात आहे, त्याच्याकडे हत्यार आहे की नाही, आणि तुमचं नाव, एवढं सांगायचं. हा फोन कॉल पुढं तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो, कारण वेळ आपोआप नोंदली जाते. फोन करायला एक तास लावला असेल, तर त्या तासात तुम्ही काय करत होता, हा प्रश्न वकील नक्की विचारणार.

मग त्याला कशासाठी धरलंय ते सांगा. कलम ४७ पोलिसांइतकंच अटक करणाऱ्या "इतर व्यक्ती"लाही लागू आहे. सोलापुरात समोरचा तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असणं रोजचंच. त्याला कळेल अशा भाषेत सांगणारा एखादा कामगार जवळ असतोच. कलम ४८ प्रमाणे त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला तो कुठं आहे हे कळवायचं असतं. त्याला स्वतःच एक फोन करू द्या, म्हणजे नंतर "पळवून नेलं" असा आरोप उभा राहत नाही.

झडती घेऊ नका. लोक सर्रास खिसे उलटे करतात, पिशव्या ओततात, मोबाइलचं लॉक उघडायला लावतात. कलम ४९ प्रमाणे सामान्य माणसानं धरलेल्याची झडती, ज्या पोलिसाकडे तो सोपवला जातो त्यानं घ्यायची असते. तुम्हाला परवानगी आहे ती फक्त हत्यार काढून घेण्याची (कलम ५०) आणि ते हत्यार पोलिसांकडे जमा करायचं असतं. यामागचं कारणही समजून घ्या. माल तुम्ही काढला तर "यांनीच माझ्या खिशात घातला" असं म्हणायला आरोपीला वाव मिळतो. पंचांसमोर पोलिसांनी काढला तर पंचनामा होतो आणि मुद्देमाल कोर्टात टिकतो.

तो दुसऱ्याच्या घरात पळाला तर मागोमाग दार तोडून शिरू नका. अटकेसाठी घरात शिरून शोध घेण्याचा अधिकार कलम ४४ नं पोलीस किंवा वॉरंट हातात असलेल्यालाच दिला आहे. बाहेर थांबा, घराची दोन्ही दारं नजरेत ठेवा.

या सगळ्यात एकानं कागदावर वेळा लिहायच्या. मोठा मजकूर नको:

"११:०५ गोदाम २, कुलूप तोडताना पाहिलं. ११:०७ धरलं. ११:०९ ११२ ला फोन. ११:१५ पाणी दिलं. उजव्या कोपराला खरचटलेलं, धरताना पडला. ११:२० त्यानं भावाला फोन केला. ११:४० गाडी आली, ताब्यात दिला, हवालदार, बक्कल नंबर अमुक."

खरचटल्याची नोंद मुद्दाम करायची. पोलीस त्याला मेडिकलला नेतील तेव्हा जखम दिसणारच. ती कशी झाली हे तुमच्या कागदावर आधीच असेल तर तुमच्या जबाबाला वजन येतं. लपवलं असेल तर सगळा जबाबच संशयात जातो.

सहा तास म्हणजे सहा तासांची मुभा नाही

कलम ४० मध्ये २०२३ साली आलेला नवा भाग म्हणजे "सहा तासांच्या आत". हा भाग लोक चुकीचा वाचतात. वाक्याची सुरुवात "विनाकारण विलंब न करता" अशी आहे. सहा तास ही त्यापुढची शेवटची रेषा. करमाळ्याच्या एखाद्या वाडीतून रात्री, पावसात, रस्ता बंद असताना तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचायला वेळ लागू शकतो, अशा परिस्थितीसाठी ती आहे. सोलापूर शहरात फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी अशी ठाणी आहेत. शहरात कुणाला दोन तास बसवून ठेवलं तर त्याचं सबळ कारण द्यावं लागेल. "मालक बाहेरगावी होते, ते आल्यावर ठरवणार होतो" हे कारण चालत नाही.

पोलीस येऊ शकत नसतील तर सर्वात जवळच्या ठाण्यात स्वतः न्यायचं. हद्दीचा वाद घालत बसायचं नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घेण्याची तरतूद कलम १७३ मध्ये आहे. रिक्षात किंवा गाडीत दोघांच्या मध्ये बसवून न्या. पायी मिरवत नेणं, चपलांचा हार घालणं, तोंडाला काळं फासणं ही धिंड आहे आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. पकडलेला अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि चपलांचा हार घालणारा त्या समाजाचा नसेल, तर ॲट्रॉसिटी कायदा लागतो. गावात पोलीस पाटलांना जरूर बोलवा, पण त्यानं ११२ चा फोन टळत नाही.

डांबून ठेवणं कधी सुरू होतं

धरणं कायदेशीर राहतं ते फक्त सोपवण्यासाठी असेल तोवर. हेतू बदलला की त्याच खोलीतलं बसवणं "डांबून ठेवणं" होतं. न्याय संहितेचं कलम १२६ वाट अडवण्याबद्दल आहे: १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. कलम १२७ डांबून ठेवण्याबद्दल: १ वर्षापर्यंत. तीन दिवस किंवा जास्त ठेवलं तर ३ वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त ठेवलं तर ५ वर्षांपर्यंत. पैसे उकळण्यासाठी, कबुलीसाठी किंवा माल परत मिळवण्यासाठी डांबलं तर एका तासालासुद्धा ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यात मारहाण झाली की कलम १२० ची ती ७ वर्षं, हाड मोडलं तर १० वर्षांपर्यंत.

दुकानात घडणारा प्रकार जवळून पाहा. मॅनेजर मुलीला आतल्या खोलीत बसवतो, कोरा कागद पुढं करतो आणि म्हणतो, "लिही की मी तीन साड्या चोरल्या. वीस हजार भर, नाहीतर पोलिसात देतो." या एका वाक्यात डांबून ठेवणं आहे, कबुली उकळणं आहे आणि खंडणीही आहे. तो कागद तिच्याविरुद्ध टिकणं कठीण, मॅनेजरविरुद्ध मात्र तोच पुरावा ठरू शकतो. तक्रार खरी असेल तर ११२ लावायचा आणि एखादी महिला कर्मचारी तिच्याजवळ बसवायची, एवढंच मॅनेजरचं काम.

आपल्या जिल्ह्यात याहून जुनी आणि मोठी दुखणी आहेत. ऊसतोडीची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नाही म्हणून मुकादमानं टोळीतल्या कुटुंबाला फडावरून हलू न देणं, किंवा उचल बुडाली म्हणून वाहनमालकानं मुकादमाला उचलून नेणं. उचल हे दिवाणी देणं आहे. त्यापायी माणसाला अडकवणं हा गुन्हा आहे आणि कामाला जुंपून ठेवलं तर १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदाही लागतो. दवाखान्याचं बिल थकलं म्हणून रुग्णाला घरी न सोडणं, भाडं थकलं म्हणून भाडेकरूला बाहेरून कुलूप लावणं, यांचीही तीच गत. थकबाकीसाठी कलम ४० कधीच वापरता येत नाही.

खासगी सुरक्षा रक्षकाच्या अंगावर गणवेश असला तरी त्याचा अधिकार तुमच्या-माझ्याइतकाच आहे. एजन्सीचा परवाना म्हणजे पोलिसी अधिकार नव्हे.

संशय, अफवा आणि जमाव

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले आणि बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांनी कुणाचं मूल नेलं नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरकडे निघालेल्या साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. दोन्ही ठिकाणी कुणासमोर गुन्हा घडलाच नव्हता, म्हणजे धरण्याचा अधिकार पहिल्या क्षणापासूनच नव्हता.

सोलापूरला सेटलमेंटचा, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कुंपणात ठेवणाऱ्या वसाहतीचा, इतिहास माहीत आहे. १८७१ च्या कायद्यानं जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ ला विमुक्त झाल्या. आजही वस्तीत चोरी झाली की पारधी किंवा फिरस्ता दिसला म्हणून धरला जातो. हे थांबलंच पाहिजे. अनोळखी माणसाबद्दल शंका आली तर ११२ ला वर्णन सांगा. त्याची झाडाझडती तुम्ही घेऊ नका.

पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर न्याय संहितेच्या कलम १०३ पोटकलम २ प्रमाणे प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. "मी फक्त धरून ठेवलं, मारलं दुसऱ्यांनी" हा बचाव तिथं तोकडा पडतो. जमाव जमू लागला तर पकडलेल्याला शटर ओढून आत घ्या, दोन जाणती माणसं दाराशी उभी करा आणि ११२ ला पुन्हा फोन करून जमाव जमतोय असं स्पष्ट सांगा. इथं शटर त्याच्या संरक्षणासाठी आहे; वेळेच्या कागदावर तसं लिहा.

बाई असेल, मूल असेल तर

बाईला पुरुषांनी हात लावू नये. बायकांनी भोवती उभं राहावं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अपवादात्मक परिस्थितीशिवाय अटक करू नये, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ सांगतं. ओळख पटली असेल तर रात्री धरून ठेवण्यापेक्षा सकाळी फिर्याद द्या.

सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य कायद्यानं गुन्हा ठरत नाही. अठराखालच्या मुलाला कोंडायचं नाही, पालकांना बोलवायचं आणि पोलिसांना मूल अल्पवयीन दिसतंय हे आधीच सांगायचं, म्हणजे बाल पोलीस पथकाचा अधिकारी येतो. त्याचा चेहरा दाखवणारं चित्रण पसरवणं बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे.

सोपवल्यानंतर

पोलिसांनी त्याला त्याच रात्री नोटीस देऊन सोडलं तर चिडू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात प्रत्येक वेळी अटक करायचीच असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये नोटिशीची सोय आहे. गुन्हा घडल्याचं सबळ कारण दिसलं नाही तर त्याला ताबडतोब सोडणं पोलिसांवर बंधनकारकच आहे. तुमचं काम फिर्याद देणं आणि तिची प्रत घेणं. ती मोफत मिळते. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं लिहीत जातो. मूळ डीव्हीआर जसाच्या तसा ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्याबद्दल तपास अधिकाऱ्याला विचारा. चुकीचा माणूस धरलाय हे मध्येच लक्षात आलं तर पोलिसांची वाट न पाहता सोडा, ११२ ला तसं कळवा आणि वेळ लिहा.

तुम्हालाच कोंडलं असेल तर

अंगाला झटू नका, शिव्या देऊ नका, कशावरही सही करू नका. "मला जायचंय, मला जाऊ द्या" हे मोठ्यानं, साक्षीदारांसमोर म्हणा. नंतर "तो स्वखुशीनं बसला होता" असं कुणी म्हणू लागलं तर हेच वाक्य कामी येतं. फोन हाती असेल तर ११२, नसेल तर बाहेर पडल्यावर लगेच फिर्याद आणि सरकारी दवाखान्यात तपासणी. घरच्यांना माणूस कुठं डांबलाय हे माहीत असेल तर ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली शोध वॉरंट मागू शकतात. ठाण्यानं फिर्याद घेतली नाही तर शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. खासगी माणसानं डांबलं असलं तरी हेबिअस कॉर्पसची (डांबलेल्या माणसाला कोर्टात हजर करा, अशा मागणीची) याचिका उच्च न्यायालयात करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असून सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.